धाप कधीपासून लागते?

८ जानेवारी

प्रिय भिंगरी,

काल तुझ्या आईचा फोन होता. बराच वेळ बोलली, आणि त्यातलं निम्मं तुझ्यावरच. "एवढी डॉक्टर झाली, आणि आता विमा कंपनीत कागद चाळत बसते!" हे एकच वाक्य मी वेगवेगळ्या सुरांत ऐकलं. ताईला मध्येच तोडायची माझी टाप नाही, हे तुला माहीत आहे. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की तिने तुझ्या नोकरीवरचा राग सांगितला, नोकरी सांगितलीच नाही. तू तिथे नेमकं करतेस काय?

मला खरंच जाणून घ्यायचंय. चष्म्याच्या दुकानात माझा जन्म गेला, त्यामुळे भिंग कसं घासतात, दांडी कुठे मोडते, हे मला विचार. पण माणूस आजारी पडतो आणि त्याचं हॉस्पिटलचं बिल अशी एक कंपनी भरते, जिने त्याचं तोंडही बघितलेलं नाही, हे मला कधी नीट उमगलेलं नाही. ती का भरते? तिला काय पडलंय? आणि भरायचं नाही असं कोण ठरवतं? एक माणूस, पाच माणसं, की यंत्र?

फोनवर सांगू नकोस. फोनवर तू "हं, हं" करत दुसरंच काहीतरी टाइप करत असतेस, मला बटणांचा आवाज येतो. होस्टेलवरून लिहायचीस तसं पत्र लिही. तेव्हा अक्षर कोंबडीचे पाय होतं, पण एकदा सांगायला लागलीस की पार शेवटापर्यंत सांगायचीस.

इकडे सगळं ठीक. दुकानासमोरचा रस्ता पुन्हा खणलाय. गिऱ्हाइकाला फळीवरून तोल सांभाळत यावं लागतं, आणि माझं गिऱ्हाईक म्हणजे ज्यांना धड दिसत नाही तेच. कप्तान सकाळी येऊन बाकावर बसतात आणि फळीवरून येणाऱ्या प्रत्येकाला "डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या" करून बंदराला लावतात.

तुझी
मावशी

१९ जानेवारी

प्रिय मावशी,

तुझं पाकीट ऑफिसात पोचलं आणि अर्धा मजला बघायला जमला. आमच्याकडे कागदाचं पाकीट म्हणजे वकिलाची नोटीस असा समज आहे. मावशीचं पत्र आहे म्हटल्यावर बिचाऱ्यांची निराशा झाली.

तर ऐक. समज, तुझ्या भागातल्या सगळ्या घरांनी मिळून दरवर्षी एका डब्यात थोडे थोडे पैसे टाकले. कोण आजारी पडेल ते कोणालाच माहीत नाही. पण काही जण पडणार, आणि साधारण किती पडणार, हे हिशेबनीस बरंचसं बरोबर सांगतो. त्यांचा खर्च डब्यातून. कंपनी म्हणजे तो डबा सांभाळणारी. फुकट सांभाळत नाही, उरेल ते तिचं. म्हणून डब्यात हात घालणारा खरंच आजारी आहे का, आणि आजार लपवून तर डब्यात शिरलेला नाही ना, हे बघायला तिने माणसं ठेवलीत. त्यातली एक मी. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: यंत्र चाळणी लावतं, आणि शेवटी बटण दाबतो एक माणूस. कटकटीचं असेल तर त्याच्यावरचा माणूस.

माझ्यासमोर दोन पडदे असतात. डावीकडे हॉस्पिटलचे कागद, उजवीकडे पेशंटची पॉलिसी. शेजारी एक दंतवैद्य बसतो, त्याने इथे आल्यापासून एकही दात बघितलेला नाही. पलीकडच्या बाईंनी आयुष्यभर बाळंतपणं केली, आता फक्त बाळंतपणाची बिलं बघतात. सकाळपासून हॉस्पिटलं विचारत असतात: अमुक पेशंट दाखल केलाय, खर्च द्याल का? आम्ही म्हणायचं हो, नाही, किंवा अजून कागद पाठवा. आईला सांग, बहुतेक वेळा आम्ही "हो"च म्हणतो. ते कोणी कोणाला सांगत नाही, कारण त्यात गोष्ट नसते.

वॉर्ड का सोडला, ते आईला नीट सांगता आलं नाही. तुला सांगते. वॉर्डात पेशंट बाही धरायचे. खरंच धरायचे, जाऊ द्यायचे नाहीत. शेवटी शेवटी असं झालं, की घरी आल्यावरही बाही ओढल्यासारखी वाटायची. मला आजार बघायचे होते, पण बाही सोडवून घेऊन. इथे ते जमतं. काम आवडतंय, हे म्हणायला थोडं चोरट्यासारखं वाटतं, पण आवडतंय. प्रत्येक फाइल म्हणजे एक कोडं असतं.

कप्तानकाका बाकावर बसतात? ते आणि बसतात? लहानपणी त्यांच्या फेरीबोटीवर आम्ही नुसतं टेकलो तरी ओरडायचे. त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी
भिंगरी

२ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पत्र दोनदा वाचलं. डब्याचं कळलं. पण एक गोष्ट कळली की तिच्या पोटातून दुसरी निघते, त्याला मी काय करू?

तू म्हणतेस, आजार लपवून डब्यात शिरणारे असतात. असणारच. माझ्याकडे लोक नंबर लपवतात, तिथे आजाराचं काय घेऊन बसलीस! पण तुम्हाला ते कळतं कसं? माणूस तुमच्यासमोर नाही. तुम्ही त्याला विचारत नाही. मग आजार आधीचा की नंतरचा, हे कोणाच्या सांगण्यावरून ठरतं? आणि माणूस हॉस्पिटलात जे बोलतो ते कागदावर कोण उतरवतं? जसंच्या तसं उतरवतात, की आपल्या शब्दांत?

आणखी एक. तुम्ही एकदा "नाही" म्हणालात की पुढे काय? फक्त तेवढं बिल बुडतं, की त्या माणसाला डब्यातूनच बाहेर काढतात?

मला एका गिऱ्हाइकाने त्याची पॉलिसी वाचायला दिली होती. अक्षर इतकं बारीक, की मी दुकानातलं सगळ्यात जाड भिंग घेऊन बसले. वाचता आलं, कळलं मात्र काही नाही. म्हणून विचारते.

कप्तान बसतात, कारण वय झालं. तुझा नमस्कार सांगितला. म्हणाले, "तिला म्हणावं, बोटीच्या कठड्यावर रेलायचं नाही."

तुझी
मावशी

१४ फेब्रुवारी

प्रिय मावशी,

आधी एक सरळ प्रश्न. तुला काही झालंय का? डोळे? साखर? गुडघे? दोन पत्रांत एवढे प्रश्न तू उगाच विचारणार नाहीस. पॉलिसी घ्यायची असेल आणि आधीचं काही दुखणं असेल तर फॉर्मवर खरं लिही. हप्ता थोडा वाढेल, काही काळ त्या दुखण्याचा खर्च मिळणार नाही, पण नंतर कोणी बोट दाखवू शकणार नाही. दडवणं सगळ्यात महागात पडतं. कारण हो, दडवलेलं सापडलं तर नुसतं बिल बुडत नाही, पॉलिसीच रद्द होते. डब्यातून बाहेर.

आता तुझं उत्तर. आधीचा आजार म्हणजे पॉलिसी घेण्यापूर्वी ज्याचं निदान झालं होतं, किंवा ज्यावर उपचार घेतले होते, किंवा ज्याचा त्रास माणसाला ठाऊक होता. आम्हाला कळतो तो बहुतेक वेळा पेशंटच्याच तोंडून. दाखल होताना ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, काय होतंय, कधीपासून होतंय. पेशंट तेव्हा घाबरलेला असतो, खरं बोलतो. विम्याचा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात नसतो. डॉक्टर ते लिहितो आणि तोच कागद आमच्याकडे येतो. फॉर्मवर एक आणि त्या कागदावर दुसरं असलं, की झालं.

तुला गंमत सांगते. मध्यंतरी एका म्हाताऱ्याची फाइल आली. धाप लागते म्हणून दाखल केलेलं, हृदयाच्या एका झडपेत दोष निघालेला. फॉर्मवर साहेबांनी "कसलाही त्रास नाही" असं लिहिलेलं. आणि हॉस्पिटलच्या कागदावर काय? "श्वासाचा त्रास: जन्मापासून." जन्मापासून! इतका सरळ पुरावा आम्हाला क्वचित मिळतो. दंतवैद्याला दाखवलं तर तो म्हणाला, चहा संपायच्या आत होईल तुझी ही फाइल. झालीच. मी नाकारली, वरून पॉलिसी रद्द झाली. लोकांना वाटतं आम्ही खुसपटं काढतो. अगं, माणसं स्वतःच सांगून जातात.

तब्येतीचं लिही. मला काळजी वाटते.

तुझी
भिंगरी

२० मार्च

प्रिय भिंगरी,

उत्तराला उशीर झाला. बरेचदा लिहायला बसले आणि उठले.

मला काही झालेलं नाही. साखर नाही, गुडघे कुरकुरतात पण चालतात.

तू सांगितलेली गंमत मी दुकानात उभी राहून वाचत होते. बाकावर कप्तान बसला होता. "काय लिहितेय भिंगरी?" म्हणून त्याने विचारलं. मी म्हटलं, बरी आहे, कामात आहे.

तो म्हातारा कप्तान आहे.

दाखल केलं तेव्हा मी त्याच्यासोबत होते, त्यामुळे काय झालं ते मी सांगू शकते. थंडी सुरू झाली तेव्हा एक दिवस धक्क्यावरून माझ्या दुकानापर्यंत येताना तो तीनदा थांबला. दारात आला तेव्हा ओठ निळे. मी गाडी करून नेलं. तिथे एक तरुण डॉक्टरीण होती, डोळ्यांखाली काळं झालेली. तिने विचारलं, "धाप कधीपासून लागते, काका?" हा म्हणाला, "डॉक्टरीणबाई, जन्मलो तेव्हापासून. पहिला श्वास घेतला तो घेतलाच, त्यानंतर एक दिवस सुट्टी नाही. माणूस दमणार नाही तर काय?"

ती हसली. मीही हसले. तो घाबरला की विनोद करतो. पूर आलेला असताना बोटीत लोक रडत होते, तेव्हासुद्धा करायचा. त्याशिवाय त्याचा हात सुकाणूवर स्थिर राहत नाही.

याआधी त्याला कधी धाप लागली नव्हती. फेरीबोटीची नोकरी संपली, कंपनीचा विमा संपला, म्हणून त्याने स्वतःची पॉलिसी घेतली, आणि फॉर्मवर खरं तेच लिहिलं. मग तुझ्या कंपनीचं ते पत्र आलं: आजार दडवला. पुढे मोठे मोठे शब्द. मला कळेना, याने कोणता आजार दडवला? तुला विचारावं असं वाटलं, पण थेट विचारलं तर वशिला मागितल्यासारखं झालं असतं. तुलाही अवघड, त्यालाही ते रुचलं नसतं. म्हटलं, आधी ही कंपनी चालते कशी ते समजून घ्यावं, मग आपलं आपण बघू. ती फाइल तुझ्याच टेबलावरून गेली असेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

भिंगरी, मी तुला दोष देत नाही. जे लिहिलेलं होतं ते तू वाचलंस. पण डॉक्टर आता म्हणतात झडप बदलायला हवी, आणि लवकर. विमा नाही. मी म्हटलं, दुकान गहाण टाकते. तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही. म्हणतो, "माझ्या एका झडपेसाठी तुझं दुकान? राहू दे, जेवढे दिवस आहेत तेवढे आहेत." विनोद करत नाही, ही गोष्ट मला जास्त भिववते.

त्याला मी अजून सांगितलेलं नाही की ती तू होतीस.

मावशी

२६ मार्च

मावशी,

पत्र वाचल्यावर फाइल पुन्हा उघडली. वर त्यांचं नाव आहे. मी त्यांना कायम कप्तानकाकाच म्हणत आले. त्यांना दुसरं नाव असेल, असं कधी मनातच आलं नव्हतं. पहिल्यांदा हे नाव वाचलं तेव्हा ते माझ्यासाठी कोणाचंच नव्हतं.

"जन्मापासून" हा शब्द मी आज तासभर बघत बसले. जन्मापासून धाप लागणारा माणूस सगळी उमर बोट हाकू शकला असता का? हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. मी डॉक्टर आहे. कोडं सुटलं म्हणून मी खूश झाले आणि पुढची फाइल उघडली.

दुपारी वरच्या डॉक्टरांकडे गेले. पिकलेले केस, शांत माणूस. टेबलावर सफरचंद कापत होते.

"सर, एका नाकारलेल्या फाइलमधला माणूस माझ्या ओळखीचा निघाला."

"तेव्हा माहीत होतं?"

"नाही."

"मग तुझं काय चुकलं? कागदावर होतं त्यावरून निर्णय बरोबर होता."

"कागदावर विनोद होता, सर." आणि मी त्यांना सगळं सांगितलं.

त्यांनी सुरी खाली ठेवली. हसले नाहीत. "आपल्याकडे प्रत्येक आजाराला नंबर आहे," ते म्हणाले. "विनोदाला नाही. यापुढे त्या फाइलला हात लावू नकोस, उघडूही नकोस. तुझी ओळख आहे हे लेखी दे. आणि त्यांना रीतसर तक्रार करू दे. दुसरी माणसं बघतील."

तर आता रीतसर काय करायचं ते सांगते. हे मी कोणालाही सांगितलं असतं, यात वशिला नाही. त्या डॉक्टरीणबाईंना गाठ. नोंद चुकीची झाली असं त्यांनी लिहून दिलं पाहिजे. दुसरं, बोटीच्या नोकरीत काकांची दरवर्षी तपासणी व्हायची ना? ते दाखले काढ. हे जोडून कंपनीच्या तक्रार विभागाला लिही. त्यांनीही नाही म्हटलं तर वर विमा लोकपाल असतो, तो कंपनीचा नोकर नसतो. थांबू नकोस.

काकांना मी स्वतः सांगू का? की तू सांगतेस?

आणि एक. रागावू नकोस. आधीच्या पत्रांत "कप्तान म्हणाले" होतं. या पत्रात "म्हणाला" झालंय.

भिंगरी

१८ एप्रिल

प्रिय भिंगरी,

माझं व्याकरण तपासायला तुला कंपनी पगार देत नाही.

डॉक्टरीण सापडली. मला वाटलं होतं, तिला काय आठवणार, रोज एवढी माणसं येतात. मी नुसतं "बोटवाले काका" म्हटलं आणि ती म्हणाली, "सुट्टी नाही म्हणाले होते ते? बाई, त्या आठवड्यात मी तेवढी एकदाच हसले."

"मग लिहिलंत का तसं?"

तिने मला तिचं यंत्र दाखवलं. पडद्यावर चौकटी आहेत. "कधीपासून" ही चौकट रिकामी ठेवली तर पुढचं पान उघडतच नाही. "मागे रांग होती. काका आणखी काही सांगेनात. जे म्हणाले त्यातला एक शब्द टाकला, म्हटलं नंतर नीट विचारून बदलते. मग अपघाताची गाडी आली." ती रडायच्या बेतात आली, मी पाणी दिलं. तिला वाटत होतं, लिहून दिलं तर नोकरीवर बेतेल. मोठ्या डॉक्टरांना विचारून येते म्हणून गेली, ती बराच वेळ आलीच नाही. मी धरून चाललेच होते की ही काही परत येत नाही. आली. लिहून आणलं होतं, खाली मोठ्या डॉक्टरांचीही सही.

बोटीचे दाखले सहज मिळाले. दरवर्षी छाती तपासलेली, दरवर्षी ठणठणीत. तक्रार गेली.

आता कप्तानचं. मीच सांगितलं. तुझं नाव घेतल्यावर आधी त्याला काही कळलंच नाही. मग म्हणाला, "आपली भिंगरी?" मी म्हटलं हो. वाटलं होतं, हसण्यावारी नेईल. नाही नेलं. टोपी उचलली आणि घरी गेला. फळीवरून जाताना तोल जाईल म्हणून मी मागे धावले, तर हात झटकला.

दोन दिवस आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, बाकावर बसला आणि म्हणाला, "एवढीशी होती तेव्हा माझ्या पुढ्यात उभी राहून सुकाणू धरायची. माझं बोलणं तिला ओळखू येऊ नये?"

मी म्हटलं, "तिच्याकडे तुझं बोलणं पोचलंच नाही. एकच शब्द पोचला."

"मग विचारायचं होतं," तो म्हणाला. "माणूस जिवंत होता ना?"

 याला तुझ्याकडे उत्तर असलं तर बघ.

तुझी
मावशी

३० मे

प्रिय मावशी,

तुला कंपनीचं पत्र मिळालंच असेल, तरी लिहिते. समितीने तक्रार मान्य केली. पॉलिसी पुन्हा चालू. आधीचं बिल मंजूर, हातमोजे, कापूस आणि सकाळचा नाश्ता वगळून. ते का वगळतात हे विचारू नकोस, उत्तर लिहायला वेगळी वही लागेल. ऑपरेशनला पूर्वमंजुरीही मिळेल. ती मी देणार नाही, दंतवैद्याच्या टेबलावर जाईल. त्याला झडपेतलं काही कळत नाही म्हणून तो दोन दिवस पुस्तक वाचतोय.

काकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून सरांकडे गेले. म्हटलं, आजार दडवला म्हणून नाकारायचं असेल, तर त्याआधी त्या माणसाला एक फोन करू द्या. ते म्हणाले, "फाइली साठतील." मी म्हटलं, जेवणाच्या सुट्टीत करीन. म्हणाले, "कर. बघ काय होतं."

पहिला फोन एका शाळेच्या बसच्या ड्रायव्हरला केला. पायाची जखम चिघळलेली, साखर खूप जुनी, फॉर्मवर "नाही". मला मनातून वाटत होतं, इथेही काहीतरी गफलत असेल. असावी, अशी इच्छाच होती.

"तुम्हाला साखर कधीपासून आहे?" मी विचारलं.

तो म्हणाला, "बाई, खरं सांगू? पोरगी बायकोच्या पोटात होती तेव्हापासून. ती आता कॉलेजात आहे. एजंट म्हणाला, लिहू नका, हप्ता वाढेल. मलाही माहीत होतं की हे चुकीचं आहे."

मग बायकोबद्दल बोलला, पायाबद्दल बोलला, बसमधली पोरं रोज "काका कधी येणार" विचारतात ते बोलला. मी मध्ये बोलले नाही. शेवटी म्हणाला, "मग, मिळेल का हो काही?"

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "बरं." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

फोन ठेवला आणि फाइल नाकारली. नाकारायलाच हवी होती, मावशी, तो डबा दुसऱ्यांचाही आहे. पण संध्याकाळपर्यंत पुन्हा कोणीतरी बाही धरून ओढत होतं. सरांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणूनच आपण फोन करत नाही." रागावून नव्हे, अगदी मऊपणाने. त्यांनीही कधीतरी केले असावेत, असं मला वाटलं.

अशा पायावर फुकट उपचार कुठल्या सरकारी दवाखान्यात होतात, ते शोधून त्या ड्रायव्हरला कळवलं. एवढंच जमलं. दुसऱ्या दिवशी दुसरा फोन केला. त्यातली बाई ठार बहिरी निघाली, ती वेगळी गोष्ट.

काकांना काय सांगू? विचारते आता, एवढंच सांग.

तुझी
भिंगरी

२१ जून

प्रिय भिंगरी,

झालं. झडप बदलली. तो शुद्धीवर आहे, ओठ लाल आहेत, आणि कालपासून नर्सना त्रास देतोय, म्हणजे ठीक आहे.

ऑपरेशनच्या आधी भूल देणारे डॉक्टर प्रश्न विचारायला आले. दात हलतात का, औषधं कोणती, आधी कधी भूल घेतली होती का. कप्तानने प्रत्येकाला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर दिलं, कोर्टात उभं केल्यासारखं. डॉक्टर गेल्यावर माझा हात धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तोही एवढा घट्ट, की अंगठी रुतली.  

मी शल्यविशारदांना म्हटलं, जुनी झडप मला बघायची आहे. ते जरा चमकले. मी म्हटलं, मी चष्मे करते, मला घाण वाटत नाही. त्यांनी बाटलीत दाखवली. अगं, केवढीशी! अंगठ्याच्या नखाएवढ्या तीन पाकळ्या, आणि त्यांवर चुन्याचे खडे साचलेले. भांड्याच्या तळाला साचतात तसे. मी खिडकीशी नेऊन उजेडात धरली.

"हे किती दिवसांत झालं असेल?" मी विचारलं.

"दिवसांत?" ते हसले. "वर्षं लागतात, बाई. दहा, पंधरा, वीसही. माणसाला पत्ता नसतो, तपासणाऱ्यालाही बरेचदा लागत नाही. कधी सुरू झालं, ते कोणीच सांगू शकत नाही."

तेव्हा माझ्या तोंडात एक प्रश्न आला होता, आणि जन्मात पहिल्यांदा मी प्रश्न गिळला. बाटली परत दिली, आभार मानले, बाहेर येऊन बसले. तू लिहिलं होतंस, जो आजार माणसाला ठाऊकच नव्हता तो आधीचा धरत नाहीत. तू लिहिलंस म्हणजे ते बरोबरच असेल. पण नीट बघून ठेव. उद्या कोणाला फोन केलास आणि तो म्हणाला "मला माहीतच नव्हतं", तर खरं कसं ओळखणार? मला कळत नाही. कळलं की लिही.

तुझं पत्र "विचारते आता"पर्यंत मी त्याला वाचून दाखवलं. त्याने उशीवर मान भिंतीकडे फिरवली. मग विचारलं, त्या ड्रायव्हरच्या पायाचं काय झालं? मला माहीत नव्हतं. "विचार तिला," म्हणाला.

आता राहिलेली गोष्ट. त्याला जिने चढायचे नाहीत, आणि त्याचं घर तिसऱ्या मजल्यावर. म्हणून दुकानामागची खोली मी रिकामी केली आहे. भिंगांची कपाटं वर नेली, खिडकीशी पलंग लावला. बरा झाल्यावर परत जाईल का, असं शेजारीण विचारत होती. मी म्हटलं, नाही जाणार. ताईला अजून सांगितलेलं नाही. तूच सांग, तुला तिची बोलणी खायची सवय झाली आहे.

पुढच्या रविवारी त्याला घरी आणायचंय. ये. तो तुझ्यावर अजून रागावलेला आहे, हे आधीच सांगून ठेवते. तुझं नाव काढलं की तोंड फिरवतो. आणि मग विचारतो, तिची गाडी किती वाजता पोचते.

तुझी
मावशी